आजी गाडीत बसलीय

“कुठल्याही वारी ने, पण शुक्रवारी नको,” दोरिना फोनवर म्हणाली होती. “आणि असल्या उन्हात आईला तर नेऊच नकोस. पोरांना काय दाखवायचंय ते तू दाखव.”

ओतिलियाने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता. मांडीवर इलिंका वळवळत होती आणि तिच्या केसांतला गुंता सुटत नव्हता. “हो हो ताई, बघते,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र स्वतःशीच पुटपुटली, नणंदबाईंचं बरं आहे. तिकडे टिमिशोआराला पंख्याखाली बसायचं आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायच्या. म्हणे शुक्रवारी नको! मंगळवारी नवं काम काढायचं नाही, रविवारी सुई धरायची नाही, आता शुक्रवारी डायनोसॉरही बघायचे नाहीत. विद्यापीठात इतिहास शिकलेल्या बाईने हे वारांचं लफडं किती मनावर घ्यायचं?

शुक्रवार तिने उगाच धरला नव्हता. शनिवार-रविवार हात्सेगच्या त्या डायनोसॉरांच्या संग्रहालयात पाय ठेवायला जागा नसते, आणि ओतिलियाला गर्दीची फार धास्ती. रारेश सहा वर्षांचा, इलिंका अजून चारचीही नाही. एक उजवीकडे पळतो, दुसरी डावीकडे. बाजारात, दवाखान्यात, चर्चच्या अंगणात, कुठेही ती मनातल्या मनात डोकी मोजत राही: एक, दोन. एक, दोन. कुठे जायचं म्हटलं की ती दोघांच्या दंडावर पेनाने स्वतःचा फोन नंबर लिही आणि दोघांना पिवळ्याधमक टोप्या घाली. नवरा लिव्हियू जर्मनीत. तो हसायचा, “पोरं आहेत की टपालाची पाकिटं?” हसायला त्याचं काय जात होतं!

सासूबाईंना न्यायचं ते तेवढ्यासाठीच. दोन पोरं आणि डोळे एकीचेच, हे जमायचं नाही.

“चला ना आई,” आदल्या संध्याकाळी तिने गळ घातली. “तुम्ही नुसतं एकीचा हात धरा. बाकी मी बघते.”

वेतुरिया दाराशी बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. तिने हात थांबवला. “शुक्रवारीच जायचं का?”

“का? शुक्रवारी काय आहे?”

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा शेंगांकडे. “काही नाही,” ती म्हणाली. “काही नाही गं पोरी. येते.”

सकाळी निघतानाच ऊन चटके देत होतं. ऑगस्ट सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. मारियामातेच्या सणाआधीचे उपासाचे दिवस चालू होते. ओतिलिया स्वतः ते पाळत नसे, पण सासूची आठवण ठेवून तिने मांस-अंडं काही घेतलं नव्हतं. भाजलेल्या वांग्या-मिरच्यांचं वाटण लावलेले पाव, टोमॅटो, पीच आणि पाण्याच्या बाटल्या. आपण किती जाणतेपणाने वागतो, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

वेतुरिया काळा घागरा, त्यावर लोकरी बंडी आणि हनुवटीखाली गाठ मारलेला काळा रुमाल अशी गाडीत येऊन बसली.

“आई, बंडी तरी काढा. भाजून निघाल.”

“घामावर वारा लागला की मग कळेल. काढायला काय लागतंय, घालायला उशीर होतो.”

गाडी जुनी होती आणि तिची थंड हवा कधीच बंद पडली होती. शहर सुटलं तशी ओतिलियाने आपल्या बाजूची काच खाली केली. मागून लगेच आवाज आला, “वर घे ती. पोरीच्या कानात वारा शिरतोय.”

“आई, वाऱ्याने काही होत नाही. उकाड्याने होतं.”

“माझ्या बहिणीचं तोंड वाकडं झालं होतं ते काय उकाड्याने? आगगाडीची एक खिडकी इकडची उघडी, एक तिकडची. मधे ती. उतरली तेव्हा अर्धं तोंड हसत होतं, अर्धं नव्हतं.”

रारेशला हे फार आवडलं. तो अर्ध्या तोंडाने हसून दाखवायला लागला, इलिंकाला ते जमेना म्हणून ती रडायला लागली, आणि रडता रडता तिने टोपी खाली फेकली. ओतिलियाने काच वर घेतली. या काचा-खिडक्यांवरून लग्नापासून भांडणं झाली होती. बसमध्ये, दवाखान्यात, बाळंतपणाच्या खोलीतसुद्धा. एक दिवस भांडण नको, एवढंच तिला हवं होतं.

“पाणी घ्या आई.”

“ठेव तिथं. पिते.”

संग्रहालय म्हणजे गावाच्या कडेला एक जुनी शाळा. खाली-वर खोल्या, मागे मोठं आवार आणि त्यात ठेवलेले सिमेंटचे डायनोसॉर. गाड्या उभ्या करायला कुंपणाबाहेर मोकळी जागा होती आणि तिच्या टोकाला एकच अक्रोडाचं झाड. ओतिलियाने हट्टाने त्याची सावली गाठली.

तिकिटाच्या खिडकीपर्यंत वेतुरिया आली. तिथून आवारातला पहिला प्राणी दिसत होता, हिरवा, दात विचकलेला. तिने छातीवर क्रूसाची खूण केली. “बघितलं. झालं माझं. देवाने ज्यांना एकदा बुडवलं त्यांना पुन्हा कशाला उभं करायचं? मी गाडीत बसते.”

“अहो आई, तुम्हाला आणलंय कशासाठी मी? इलिंकाचा हात...”

“पाय जड झालेत पोरी. थोडी बसते. मग येते.”

तिचा चेहरा ओढल्यासारखा दिसत होता. ओतिलियाला राग आला आणि रागामागून थोडी लाजही. तिने सासूला गाडीपाशी परत नेलं, मागच्या सीटवर बसवलं, मांडीवर पाण्याची बाटली आणि पाव ठेवला. चारी काचा खाली केल्या. वेतुरियाने हात हलवून “जा, पोरं पळतील” असं खुणावलं. पोरं खरोखरच पळत होती. ओतिलिया धावली. मागे वळून पाहिलं असतं तर म्हातारी एकेक करून काचा वर करताना दिसली असती.

आत वाट दाखवणारी एक हसरी मुलगी होती. “आमचे हात्सेगचे डायनोसॉर बुटके बरं का,” ती मुलांना सांगत होती. “इथं तेव्हा समुद्र होता आणि मधे एक बेट. बेटावर खायला कमी. मग काय, पिढ्यान् पिढ्या ते अंगाने लहान होत गेले.”

रारेश त्या सांगाड्याकडे बघून हिरमुसला. “एवढासाच? ग्रिगोरेकाकांचा बैल याच्यापेक्षा मोठा आहे!”

“असं? मग तुझ्या ग्रिगोरेकाकांच्या बैलाला खाणारा बघायचाय? वर बघ.”

छताला पंख पसरून एक प्राणी टांगला होता. त्याची चोचच रारेशपेक्षा लांब होती. इलिंका आईच्या पायाला बिलगली. “हा आजीला खाईल?”

“नाही गं. आजी गाडीत बसलीय.”

“आजीला कसा खाईल?” रारेश म्हणाला. “आजी कडक आहे. त्याचे दात पडतील.”

“त्याला दातच नव्हते,” ती मुलगी म्हणाली, आणि सगळे हसले. ओतिलियाही हसली. किती दिवसांनी ती अशी हसत होती! एक, दोन. दोन्ही पिवळ्या टोप्या जागेवर.

मग एकच उरली.

पलीकडच्या खोलीत अंड्यांचं घरटं होतं. खरी अंडी काचेआड, दगड झालेली. नदीच्या गाळाखाली गाडली गेली ती फुटलीच नाहीत, असं पाटीवर लिहिलेलं. रारेशने ती पाटी आईकडून वाचून घेतली आणि विचारलं, “मग त्यांच्या आईला कळलं का?” ती पुन्हा पाटीकडे वाकली. तेवढ्यात तिचा हात रिकामा झाला. इलिंका नव्हती.

ओतिलिया आधी हळू हाक मारत होती, मग मोठ्याने, मग किंचाळून. खोल्या पालथ्या घातल्या. आवारात प्रत्येक सिमेंटच्या पोटाखाली वाकून पाहिलं. रारेशचं मनगट तिने इतकं आवळलं होतं की त्यावर बोटं उमटली. फाटकापर्यंत धावली आणि रस्त्यावर उभी राहून दोन्ही बाजूंना पाहिलं. अक्रोडाखालच्या गाडीच्या आत तिने पाहिलंच नाही. पोर गाडीकडे गेलेली नाही, एवढंच तिला दिसलं. तिकिटाच्या खिडकीतली बाई बाहेर आली, “बाई, जरा श्वास घ्या, फाटकातून मूल गेलेलं नाही, मी इथंच आहे.” ओतिलिया तोवर पुन्हा आत धावली होती.

इलिंका अंड्यात सापडली. फोटो काढायला प्लास्टिकचं अर्धं फुटलेलं मोठं अंडं ठेवलं होतं, त्यात ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. टोपी तिने डोक्यावरून काढून अंगाखाली घेतली होती.

“मी हाका मारतेय एवढ्या! ओ का दिली नाहीस?”

“मी अंडं आहे,” इलिंका म्हणाली. “अंडी बोलत नाहीत.”

ओतिलियाने तिला उचलून छातीशी इतकं दाबलं की पोर रडायला लागली. रडणं ऐकून तिच्या जिवात जीव आला. ती तिथेच जमिनीवर बसली. वाट दाखवणाऱ्या मुलीने तिला पाणी दिलं. ते ती घटाघटा प्यायली. मग मुलांना आइस्क्रीम घेतलं, मग वाळूतून हाडं शोधायचा खेळ होता तो रारेशला खेळायचाच होता, आणि जिला आत्ताच पोर परत मिळालीय ती आई नाही कशी म्हणणार? दोघांनी वाळू उकरली, ब्रशने झाडली. ती जवळ बसून राहिली आणि नजर हलू दिली नाही.

आजीची आठवण झाली तेव्हा ते वरच्या मजल्यावर होते. खिडकीतून कुंपणापलीकडचं दिसत होतं. ओतिलियाने मान लांब करून पाहिलं. गाडी होती. मागच्या काचेत काळा रुमाल होता, सरळ, जागच्या जागी. तिने हात हलवला. रुमाल हलला नाही. डोळा लागला असेल, तिला वाटलं. बरंच झालं. घरी दिवसभर टेकत नाही बाई.

“आजी काय करतेय?” रारेशने विचारलं.

“आजी गाडीत बसलीय. निजलीय.”

अक्रोडाची सावली गाडीवरून सरकून पलीकडच्या गवतावर गेली होती. हेही त्या खिडकीतून दिसत होतं. तिने रुमाल पाहिला, सावली पाहिली नाही.

ते खाली आले तेव्हा इलिंकाच्या मुठीत आजीसाठी राखलेला वेफरचा तुकडा होता. ती पुढे धावली आणि काचेवर टकटक करायला लागली. “आजी! आजी, उघड!” मग वळून म्हणाली, “आई, आजी अंडं झालीय.”

दाराच्या कडीला हात लावला तो भाजला. दार उघडताच आतली हवा भट्टीसारखी अंगावर आली. चारी काचा वर होत्या, घट्ट. वेतुरिया ताठ बसलेली, डोकं काचेला टेकलेलं. चेहरा लालभडक आणि कोरडा, घामाचा एक थेंब नाही. डोळे अर्धे उघडे होते. मांडीवर बाटली तशीच, झाकणाचं सील न तुटलेलं. पाव तसाच.

“आई! आई, ऐकू येतंय का? आई!”

तिकिटाच्या खिडकीतली बाई आणि ती हसरी मुलगी धावत आल्या. तिघींनी मिळून म्हातारीला उचलून झाडापलीकडच्या गवतात आडवं केलं. मुलगी अँब्युलन्सला फोन करत होती. ओतिलियाने बंडीची बटणं तोडून काढली, रुमालाची गाठ सोडली. लग्नानंतर पहिल्यांदा तिने सासूचे केस पाहिले: विरळ, पांढरे, मानेला चिकटलेले. तिने बाटली उघडून हातावर पाणी घेतलं, तोंडावर मारलं, मग ओठांना लावलं.

वेतुरियाने दात आवळले.

“प्या आई. थोडंसं. प्या ना!”

ओठ हलले. आवाज कुठून तरी खोलातून आला. “आज नाही.”

“काय आज नाही?”

“शुक्रवार.”

तिकिटाची बाई गुडघ्यावर बसली होती. तिचा हात तोंडाशी गेला. “अगं बाई, यांचा निर्जळी उपास आहे! शुक्रवारचा निर्जळी धरलाय त्यांनी. दिवे लागेपर्यंत पाणी नाही.” मग ओतिलियाकडे बघून, “तुम्हाला माहीत नव्हतं?”

ओतिलियाने सासूची हनुवटी धरली. “आई, मी सांगते देवाला. मी भरते तुमचा उपास, यापुढे दर शुक्रवारी मी करते, तुम्ही फक्त तोंड उघडा.” दात उघडले नाहीत. पाणी गालावरून गवतात गेलं. मागे रारेश आणि इलिंका एकमेकांचा हात धरून उभे होते, कुणी न सांगता.

अँब्युलन्स आली. जिल्ह्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं, बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. डॉक्टर म्हणाले, “शरीर फार तापलंय, वयही आहे. बघू.” संध्याकाळी बाहेर दिवे लागले. ओतिलियाने सासूच्या कानाशी वाकून सांगितलं की दिवे लागले आई, झाला उपास पूर्ण, आता प्यायला हरकत नाही. वेतुरियाच्या पापणीनेही दाद दिली नाही. शनिवार उजाडला तेव्हा पाणी प्यायला ती उरली नव्हती.

मयताच्या घरी दोरिना काळे कपडे घालून आली ती सरळ स्वयंपाकघरात. आईच्या नावाने लोकांना वाटायच्या उकडलेल्या गव्हावर ती साखर पेरू लागली. मग म्हणाली, “मी म्हटलं होतं. शुक्रवारी नको.”

“का ते नाही म्हणालात, ताई.”

“दुसऱ्याचा उपास आपल्या तोंडाने सांगू नये गं. सांगितला की वाया जातो. तिने मलाही सांगितला नव्हता, मी पकडला होता. मला वाटलं, एका घरात राहतेस, तुला दिसत असेल.”

“कशासाठी धरला होता?”

दोरिनाने हातावरची साखर झटकली. “लिव्हियूसाठी. तो ट्रकवर आहे, रात्री-अपरात्री त्या मोठ्या रस्त्यांवर असतो, म्हणून. त्याची चाकं नीट राहावीत म्हणून.”

लिव्हियू दाराशी उभा होता. रात्रभर प्रवास करून नुकताच पोचला होता. त्याने बायकोकडे पाहिलं आणि तिने त्याच्याकडे. ईस्टरपासून तो ट्रकवर नव्हता, गोदामात होता. आईला सांगायचं राहून गेलं होतं. त्याच्याकडून, आणि तिच्याकडूनही. घेवड्याच्या शेंगा सोलताना, काचेवरून भांडताना, रोज. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मधल्या खोलीत शवपेटीजवळ बायका बसल्या होत्या. त्यातली सगळ्यात वडीलधारी उठली आणि तिने खिडकी सताड उघडली. जीव बाहेर जायला वाट हवी असते. समोरच्या दारातून वारा आला, मेणबत्त्या आडव्या झाल्या, पडदा उडून पेटीवर पडला.

“खिडकी लावा,” रारेश म्हणाला. “आजीला वारा लागतोय.”

एका बाईने त्याला जवळ घेतलं. तो सोडवून घेऊन पुन्हा म्हणाला, मोठ्याने, “लावा ना कुणीतरी!” आणि मग तो इतका रडला की ओतिलियाने त्याला बाहेर नेलं.

आता ती पोरांच्या दंडावर नंबर लिहीत नाही असं नाही. लिहिते. टोप्याही घालते. पण बाजारात कुणाच्या गाडीत मागे म्हातारं माणूस बसलेलं दिसलं की तिचे पाय तिथेच थबकतात. ती काचेवर टकटक करते. आतला माणूस हलला, रागावला, “काय आहे बाई?” म्हणाला, की ती माफी मागते आणि पुढे जाते. लोक तिला वेडी म्हणतात. म्हणोत बापडे. आणि हे वाचणाऱ्याकडे तिचं मागणं एवढंच आहे: तुमच्या घरातलं जे माणूस काही मागत नाही, “माझं असू दे, तुम्ही जा” म्हणतं, ते आत्ता कुठे आहे? खिडकीतून लांबून पाहू नका. दिसतंय, बसलंय, निजलंय, यावर विसंबू नका. हातातलं हे खाली ठेवा आणि उठून जवळ जा. कपाळाला हात लावा. काही खाल्लं का, पाणी प्यायलं का, विचारा. आणि “पिते” म्हणाली तर तिथेच उभे राहा, ती पीत नाही तोवर.